चेहऱ्यावर टोचून घ्यायचंय? समुद्रकाठच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे आजोबा सोनार होते. बारशाच्या घरून बोलावणं आलं की छोट्या डबीत सोन्याची तार घेऊन निघायचे, आणि पोराने रडायला तोंड उघडेपर्यंत दुसरा कानही टोचून मोकळे व्हायचे. मी त्यांचीच नात. कुडाळात माझ्याकडे कान टोचायला मात्र कमीच येतात. भुवई, ओठ, नाकाचा पडदा, नाकाचा शेंडा अशा मागण्या घेऊन येतात आणि सगळे तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदा लिहून काढले. ज्या क्रमाने आठवले त्याच क्रमाने आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टर लागतो तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

चेहऱ्यावर नेमकं कुठेकुठे टोचता येतं?

सगळ्यात जास्त विचारणा पडद्याची, म्हणजे सेप्टमची. लोकांना वाटतं सुई कूर्चेतून, म्हणजे नाकातल्या मऊ हाडातून जाते. तसं नाही. दोन नाकपुड्यांच्या मधली मांसल दांडी संपते आणि कूर्चा सुरू होते, त्यांच्या मध्ये पातळ त्वचेचा एक छोटा तुकडा असतो. आरशासमोर उभं राहून चिमटीत धरून बघा, लागेल. सुई तिथून गेली तर जखम निमूट भरते. कूर्चेतून गेली तर भरणं लांबतं आणि दुखणंही. कुणाकुणाला ही मऊ जागा जवळजवळ नसतेच, कुणाचा पडदा चांगलाच वाकडा असतो. अशांना मी परत पाठवते, मग ते रागावतात.

त्याखालोखाल भुवई. मग खालच्या ओठाखालचं लॅब्रेट, नाकाखालच्या पन्हळीत बसणारं मेडुसा, आणि नाकाच्या मुळाशी दोन डोळ्यांच्या मधोमध आडवं जाणारं ब्रिज. त्यापुढची मंडळी म्हणजे नाकाच्या शेंड्यातून उभं जाणारं रायनो आणि दोन्ही नाकपुड्या नि पडदा एकाच दांडीत ओवणारं नॅसलँग. या शेवटच्या दोन्हींसाठी वर्षात दोन-तीन जण येतात आणि त्यातला एक चहा पिऊन परत जातो.

दुखतं का?

हो. सुई आरपार जायला दोन सेकंदही लागत नाहीत, पण ती दोन सेकंदं तुमचीच असतात. पडदा टोचला की डोळ्यांतून पाणी येतं, शिंकही येते. ते रडणं नव्हे, नाक आणि डोळ्यांचा आपसातला कारभार आहे. भुवई लोक समजतात त्यापेक्षा सोपी जाते. नाकाचा शेंडा खरोखर दुखतो. बधिर करायचं मलम वरच्या कातडीपुरतं काम करतं, खोलवर नाही. बधिर करायचं इंजेक्शन डॉक्टरनेच द्यायचं असतं. टोचणारा माणूस ‘इंजेक्शन देऊन टोचतो’ म्हणाला तर चपला घाला आणि निघा.

भुवई टोचली की चेहरा लुळा पडतो, हे खरं का?

खोटं. चेहरा हलवणाऱ्या नसा कानापाशी बाहेर पडून पुढे पसरतात. भुवईच्या नाकाकडच्या बाजूला कपाळाला संवेदना देणारी एक नस मात्र वर येते. ती दुखावली तर कपाळावर बधिरपणा येऊ शकतो. म्हणून भुवई कानाकडच्या बाजूला टोचतात. मधोमध टोचून द्या म्हणणाऱ्यांना मी हे चित्र काढून दाखवते.

सराफाकडची किंवा पार्लरमधली गन चालेल का? लगेच होतं म्हणे.

लगेच होतं, हे खरं. गनमध्ये सुई नसते. बोथट टोकाची कुडी स्प्रिंगच्या जोरावर ढकलली जाते, म्हणजे मांस कापलं जात नाही, चेंगरलं जातं. कानाच्या पाळीने हे सोसलं म्हणून नाकाची कूर्चा सोसेल असं नाही. त्यात बहुतेक गनचा सांगाडा प्लास्टिकचा, तो वाफेच्या निर्जंतुकीकरणात घालता येत नाही. मधल्या वेळेत स्पिरिटचा बोळा फिरवतात, त्याला पुसणं म्हणतात. आणि कुडीची दांडी इतकी आखूड असते की सूज आली की फिरकी मांसात रुतते. ओठ, भुवई, पडदा यांसाठी तर गन हा विषयच नाही.

सोनारानेच कान टोचावे ही म्हण आपण उपदेशाला वापरतो, पण ती अक्षरशः खरी आहे: ज्याला काम येतं त्याच्याकडेच जा. काम येतं की नाही हे असं ओळखा. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून फोडली जाते का? (आपल्याकडे बरेच जण सलाइन लावायची कॅन्युला वापरतात. निर्जंतुक आणि धारदार असेल तर त्यात वावगं काही नाही.) पाकीट फोडण्याआधी नवे हातमोजे घातले का? मध्येच मोबाइल उचलून त्याच हातमोज्यांनी पुन्हा चेहऱ्याला हात लावला का? चिमटे, दागिना यांना ऑटोक्लेव्ह होतो का? ऑटोक्लेव्ह म्हणजे कुकरचाच थोरला भाऊ: दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटं. नुसतं पाणी उकळून १०० अंशांच्या वर जात नाही आणि काही जंतूंचे बीजाणू त्यात मरत नाहीत. शेवटचं म्हणजे, पेनाने खूण करून आरसा हातात दिला का? खूण तुम्ही उभ्याने, चेहरा सैल सोडून बघायची. आडवं पडल्यावर ओठ आणि भुवया सरकतात.

जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन होऊन १० वर्षं उलटली असतील तर घेऊन टाका. हिपॅटायटिस बीची लस झालेली असेल तर उत्तम.

आजीने २२ कॅरेटची तार दिली आहे. तीच घाला ना.

हा प्रश्न मला दरवेळी अडचणीत टाकतो, कारण तार प्रेमाची असते. पण २२ कॅरेट सोनं मऊ. त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि ओरखड्यात घाण बसते. ताज्या जखमेत सोनंच घालायचं तर १४ किंवा १८ कॅरेटचं, निकेल नसलेलं, गुळगुळीत. माझी पहिली पसंती टायटॅनियमला, तेही शरीरात बसवायच्या दर्जाचं. त्याचं मानक एएसटीएम एफ १३६. विकणाऱ्याला ते शब्द माहीत नसतील तर त्याचं टायटॅनियमही तुम्हाला माहीत नको. चांदी ताज्या जखमेत काळी पडते आणि कातडीवर कायमचा करडा डाग ठेवू शकते. इमिटेशनमध्ये निकेल असतं, खाज सुटते, पाणी सुटतं आणि सगळे म्हणतात ‘पिकलं’.

तारेबद्दल आणखी एक. बारीक तार भुवईत घातली की ती हळूहळू मांस कापत बाहेर येते, दोऱ्याने उकडलेलं अंडं कापतात तशी. भुवईसाठी साधारण १.२ मिलिमीटर जाडीची दांडी लागते, ब्रिजसाठी १.६. दांडीचे आटे आतून असावेत, बाहेरून असतील तर घालताना ते जखम खरवडतात. आजीची तार जपून ठेवा. जखम पक्की भरली की त्या सोन्याचं काहीतरी सुंदर करून घेता येईल.

भरायला किती दिवस? मैत्रिणीचं चार दिवसांत सुकलं.

मैत्रिणीचं वरून सुकलं. चिऱ्याच्या भिंतीचा गिलावा वरून दोन दिवसांत कोरडा दिसतो, आत ओल महिनाभर असते. टोचलेली जागाही बाहेरून आत भरत येते: दोन्ही तोंडं आधी सुकतात, मधली नळी कच्चीच राहते. म्हणून ‘आता दुखत नाही’ असं वाटून दागिना बदलायला गेलेले लोक आठवड्याने परत येतात.

माझा अनुभव आणि जाणकारांचे आकडे साधारण जुळतात. पडदा दोन ते तीन महिने. ओठ आणि मेडुसा तेवढेच. भुवई दोन ते चार, ब्रिज तीन ते चार. नाकपुडी चार ते सहा महिने, वर उंचावर टोचली तर आणखी जास्त. नॅसलँग सहा महिने धरून चाला. रायनोला नऊ महिने ते वर्ष. बाळंतपणाइतका धीर ठेवायचा.

ओठाला सुरुवातीला मुद्दाम लांब दांडी घालतात, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठ चांगलाच सुजतो. ती लांब दांडी तशीच ठेवायची नाही. दोन ते चार आठवड्यांनी सूज उतरली की टोचणाऱ्याकडे जाऊन आखूड करून घ्यायची. नाही केली तर ती दातांवर आपटत राहते. हिरडी मागे सरकते, दाताचा टवका उडतो. दात परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

रोज काय करायचं?

फार थोडं, आणि तेच लोकांना जड जातं.

साबणाने हात धुवा. औषधाच्या दुकानातली ०.९ टक्क्याची निर्जंतुक सलाइन दिवसातून दोनदा जागेवर सोडा. मोठी बाटली फोडून महिनाभर वापरू नका, छोट्या कुप्या घ्या. खपली मऊ झाली की गॉझच्या घडीने हलकेच टिपा. सुटली तर सुटली, नाही तर राहू द्या. मग कागदी टिश्यूने कोरडं करा. संपलं. ओठासाठी आतून वेगळं: खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ, मऊ नवा ब्रश, आणि माउथवॉश घ्यायचाच तर अल्कोहोल नसलेला.

दागिना फिरवायचा नाही. ‘रोज फिरव, नाहीतर चिकटेल’ हे आपल्याला कान टोचल्यापासून सांगितलेलं आहे. पण फिरवल्याने खपलीचे तुकडे आत ओढले जातात आणि नव्याने आलेली कातडी फाटते. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल ही सगळी जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. मलम हवा बंद करतं. कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी म्हणजे सलाइन नव्हे.

उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदला. फोन गालाला लावायचा नाही. हेल्मेट घालताना पुढून मागे चढवा, भुवईत अडकलं तर तुम्हाला मी आठवेन आणि चांगल्या शब्दांत नाही.

समुद्राचं पाणी खारं असतं, मग समुद्रात डुबकी मारली की काम झालं ना?

किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला हा शोध स्वतःच लागलेला असतो. सलाइनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे साधारण आपल्या रक्ताइतका खारटपणा. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम. चौपट खारट पाणी जखमेतलं पाणी ओढून घेतं आणि ती कोरडी ठणठणीत पडून भेगाळते. घरी मीठ-पाणी कालवणाऱ्यांचंही हेच होतं. चमचा कधी सपाट असतो, कधी डोंगर.

खारटपणा सोडा, त्यात काय काय असतं ते बघा. जेटीजवळ डिझेलचा तवंग, खाडीच्या तोंडाशी गावाचं सांडपाणी, वाळू. आणि कोमट समुद्रात व्हिब्रिओ जातीचे जंतू राहतात, जे उघड्या जखमेतून शिरले तर गंभीर संसर्ग करू शकतात. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना तर फारच. जखम भरेपर्यंत डुबकी नाही. किनाऱ्यावर फिरा, लाट पायावर घ्या.

मी रापणीला जातो. पाणी टाळता येत नाही.

मग मासेमारीच्या पावसाळी बंदीत टोचू की एरवी, असा विचार करू नका, दोन्हीकडे अडचण आहे. बंदीच्या काळात पाणी नसेल पण दमट हवा असते. ज्यांना रोज पाण्यात उतरायचंय त्यांना मी पडदा सुचवते, कारण तो लवकर भरतो आणि दोन-तीन आठवडे काठावरची कामं मागून घेता येतात. त्यानंतरही जखम भरेपर्यंत डुबकी नाहीच. तोंडावर पाणी उडालंच तर गोड्या स्वच्छ पाण्याने धुवा, मग सलाइन. मासळी निवडलेले हात, खवल्यांचे हात, जाळ्याचे हात चेहऱ्याकडे न्यायचे नाहीत. मासळीवरचे काही जंतू कातडीत महिनोन्‌महिने मुरणाऱ्या गाठी करतात आणि डॉक्टरलाही ते पटकन सुचत नाही. दवाखान्यात गेलात तर ‘मी मासेमारी करतो’ हे आपणहून सांगा.

हळद आणि खोबरेल लावू का? पूर्वी तेच लावायचे.

लावायचे. आजोबाही लावायचे आणि भोक बुजू नये म्हणून नारळाच्या हिराची काडी घालायला सांगायचे. कानाच्या पाळीत रक्तपुरवठा भरपूर, कूर्चा नाही. ती हळदीने भरली नाही, हळद लावूनही भरली. ओठ आणि नाकाच्या शेंड्यावर हा जुगार खेळू नका. तेलाने जखमेचं तोंड बुजतं, आतली लस (जखमेतून झिरपणारं पातळ पाणी) बाहेर यायला वाट राहत नाही, धूळ चिकटते. हळकुंड घरी पोचेपर्यंत किती हातांतून गेलेलं असतं हे तुम्हाला माहीत आहे. डोक्याला तेल लावा हवं तर, पण भुवई टोचली असेल तर कपाळावर ओघळेल इतकं नको.

कधी टोचावं?

माझं ऐकाल तर दिवाळी उलटल्यावर, शिमग्याच्या बरंच आधी. नोव्हेंबर ते जानेवारी हवा जरा कोरडी, घाम कमी. पावसात कोकणात काहीच सुकत नाही: टॉवेल, चपला, जखमा. जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. तोंड पुसायला टॉवेल नाही, कागद. आणि आंघोळीनंतर हेअर ड्रायरची थंड हवा मिनिटभर. विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं, तेव्हा चेहऱ्यासाठी उकळून गार केलेलं वापरा.

मे महिन्याचा वेगळाच ताप. आंब्याचा चीक. पाडप करताना, पेट्या भरताना बोटांना चीक लागतो आणि तो कातडी उतवतो. हे आम्हा सगळ्यांना लहानपणीच्या ओठांवरून माहीत आहे. काजूच्या बीच्या टरफलातलं तेल तर फोडच आणतं. त्याच बोटांनी ताज्या टोचलेल्या जागेला हात लावून ‘इन्फेक्शन झालं’ म्हणून रडत आलेला मुलगा मला अजून आठवतो. इन्फेक्शन नव्हतं, हापूस होता.

पांढरट-पिवळसर पाणी येतंय. पिकलं का?

पातळ, फिकट, वाळल्यावर दांडीवर कडक पापुद्रा होतो? ती लस. कित्येक आठवडे येते, तक्रार करू नये. पहिले काही दिवस थोडी लाली, ऊब, सूज हेही ठीक.

पू जाड असतो, हिरवट-पिवळा, बहुधा वासाचा. त्यासोबत ठणका वाढतोय, लाली दिवसागणिक पसरतेय, जागा तापलीय, ताप आलाय तर डॉक्टरकडे जा. सोमवारची वाट बघायची नाही. नाकाच्या मुळापासून तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांना जोडलेल्या आहेत. संसर्ग आत पोचणं दुर्मीळ, पण पोचला तर जिवावरचं दुखणं. डोळ्याभोवती सूज, जोराची डोकेदुखी, दिसायला अंधुक अशी लक्षणं असतील तर गावच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठं रुग्णालय गाठा.

आणि घाबरून दागिना काढू नका. काढला की तोंडं मिटतात आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा ते डॉक्टर ठरवतील.

बाजूला गाठ आली आहे. केलॉइड का?

बहुतेक वेळा नाही. दांडीला चिकटून लालसर, ओलसर पुटकुळी असेल तर ती चिडलेल्या जखमेची गाठ: कुठेतरी धक्का लागतोय, रात्री त्याच कुशीवर झोपताय, दांडी लांब आहे किंवा धातू हलक्या दर्जाचा आहे. कारण काढलं की काही आठवड्यांत ओसरते. टी ट्री ऑइल, ॲस्पिरिनची पूड, टूथपेस्ट हे इंटरनेटवरचे उद्योग करून कातडी जाळू नका.

केलॉइड टोचलेल्या जागेच्या हद्दीबाहेर वाढत जातो, टणक असतो, आपोआप जात नाही. सावळ्या त्वचेत त्याची शक्यता जास्त. तुमच्या किंवा आईवडिलांच्या कानावर, छातीवर, लस टोचलेल्या दंडावर असा वाढलेला व्रण असेल तर चेहऱ्यावर टोचू नका. मी अशांना टोचत नाही.

टोचलेली जागा पुढे सरकतेय असं वाटतं.

वाटत नसेल, सरकतच असेल. भुवई आणि ब्रिज कातडीच्या वरच्या थरातून जातात, आणि शरीर त्यांना कुसळासारखं बाहेर ढकलायला बघतं. दोन भोकांमधलं मांस पातळ, लाल, सोललेलं दिसू लागतं, आतली दांडी कातडीतून चमकते. दोन भोकांत निदान ६ मिलिमीटर अंतर उरलं पाहिजे. त्याखाली आलं की काढून टाका, फाटून बाहेर येईपर्यंत थांबू नका.

माझ्या डाव्या भुवईत एक आडवी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. एकोणिसाव्या वर्षी जत्रेतल्या एका टपरीवर बारीक रिंग घालून घेतली होती. सरकतेय हे मला तीन महिने दिसत होतं आणि मी रोज आरशात बघून स्वतःला समजावत होते की नाही सरकत.

ओठ टोचल्यावर काय खाऊ? मासे बंद का?

मासे बंद नाहीत. माशांनी जखम पिकते हा समज आहे; उलट भरायला प्रथिनं लागतातच. फक्त काटा सांभाळा. पहिले चार-पाच दिवस तारलीसारखे काटेरी मासे नकोत, सुरमईचा तुकडा आईने काटे काढून दिला तर उत्तम. उकड्या तांदळाची गार पेज हे तर या कामासाठीच जन्माला आलेलं अन्न. तिरफळं घातलेलं झणझणीत, कढत चहा, सोलकढी (त्यातली मिरची आणि आंबटपणा दोन्ही) हे आठवडाभर लांब. बर्फ चोखा. तंबाखू, गुटखा, सिगरेट आणि दारू ही भरणं लांबवतात. चुंबनही काही आठवडे नको, हा प्रश्न कुणी विचारत नाही पण उत्तर सगळ्यांना हवं असतं.

तारकर्लीला स्कूबा करायचंय.

जखम पूर्ण भरल्याशिवाय नाही. मास्कची रबरी कड बरोबर ब्रिज, भुवई आणि मेडुसावर दाबून बसते, आणि ओठातली दांडी तोंडात धरायच्या नळीवर घासते. भरल्यानंतरही मेडुसावाल्यांनी आधी उथळ पाण्यात मास्क घालून बघा. पाणी झिरपत असेल तर कड नीट बसत नाहीये.

शिमग्याचा गुलाल?

टोचून तीन महिने झाले नसतील तर पालखीला मागच्या बाजूने नाचा. गुलाल बारीक आहे, नळीत जातो आणि आठवडाभर गुलाबी लस येत राहते.

असंच दशावतारातल्या एका कलाकाराने विचारलं होतं: स्त्रीपार्ट करतो, रोज रात्री तोंड रंगवतो, पडदा टोचू का? मी म्हटलं, दहिकाल्यांचा, म्हणजे दशावताराच्या खेळांचा, हंगाम संपल्यावर ये. रोजचा रंग आणि तो उतरवायचं तेल यांच्यासमोर कोणतीच जखम टिकत नाही. तो मे अखेरीस आला.

घरी काय सांगू? गणपतीत सगळे येणार.

पडद्यातली रिंग नालेच्या आकाराची घेतलीत तर भरल्यानंतर ती वर नाकात उलटवता येते आणि कुणाला दिसत नाही. पहिले दोन महिने उलटवू नका. म्हणजे चतुर्थीला लपवायची असेल तर वटपौर्णिमेआधीच निर्णय घ्यावा लागतो. लपवाछपवीलाही पंचांग लागतं.

आजी ‘ह्या काय गो, वेसण घातलंस?’ म्हणणारच. बैलाला वेसण घालतात तीच जागा, तिचं काही चुकलं नाही. माझ्या आजीने तेच विचारलं होतं. मग तिच्याच नथीचं भोक दाखवून मी विचारलं, तुझ्या वेळी विचारलं होतं का कुणी तुला? ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, विचारलं असतं तरी मी घातलीच असती.

लग्नात नथ घालायची असेल तर रिंग वर उलटवा. नाकपुडी टोचलेली नसेल तर चापाची नथ आहेच.

मुलग्यांनी नाक टोचलेलं चालतं का?

चालतं. पेशवाईतल्या भिकबाळ्या कुणाच्या कानात होत्या? आणि नवसाने जगलेल्या मुलाचं नाक टोचून त्याचं नाव नथू ठेवायची पद्धत आपल्याकडेच होती.

कुणी टोचू नये?

साखर ताब्यात नसलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, हृदयाच्या झडपेचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. गरोदर असाल तर नंतर. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते थांबून सहा महिने होऊ द्या. १८ वर्षांखालील कुणालाही मी चेहऱ्यावर टोचत नाही, आई सोबत आली तरी. हा माझा नियम आहे, भांडू नये.

गालावर खळीसारखं टोचून द्याल का?

नाही.

विचारणारे हटत नाहीत म्हणून कारण सांगते. कानासमोरच्या लाळग्रंथीची नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. सुई तिला लागली तर लाळ गालातून बाहेर झिरपायला लागते, आणि ते दुरुस्त करायला शस्त्रक्रिया लागू शकते. नीट जागी टोचलं तरी गालाचं मांस जाड, बोलताना-चावताना सतत हलणारं. भरायला सहा महिने ते वर्ष आणि पुढे काढलं तरी खड्डा राहतो. कुणी करून देत असेल तर ते त्यांचं धाडस.

एमआरआय किंवा रक्तदान?

टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, तरी एमआरआयवाल्यांना आधी सांगा, काढायला लावतात. दातांच्या एक्स-रेलाही आड येतं. कच्ची जखम असेल तर काचेची किंवा प्लास्टिकची तात्पुरती दांडी घालून देता येते. रक्तपेढीत टोचल्याची तारीख लपवू नका. साधारण वर्षभर थांबवतात.

नको झालं तर?

काढायचं. ताजं असेल तर तासाभरातही मिटतं, जुनं असेल तर बारीक खळगा राहतो. पडद्याचा व्रण नाकातच लपतो. ओठाचा ठिपका दिसतो. भुवईचं मी वर सांगितलंच.

येताना काय आणू?

ओळखपत्र. आणि रिकाम्या पोटी येऊ नका. सकाळच्या पहिल्या गाडीने उपाशी आलेले निम्मे लोक सुई बघून पांढरे पडतात, मग मला आधी पोहे करावे लागतात.